खणांचे घर आणि घराचा अजमास

महाराष्ट्रातील जुन्या वास्तूंविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्यात बांधविणाऱ्याच्या वैभवाचे, सुतारांच्या कोरीवकामाचे आणि ती वास्तू आगीच्या अथवा कुदळीच्या भक्ष्यस्थानी पडल्याच्या हळहळीचे वर्णन विपुल सापडते. परंतु ती उभी करण्यापूर्वी किती पैसा लागेल असे धन्याला वाटले होते, तो कोठून यावयाचा होता आणि अखेरीस किती लागला, या रोखठोक प्रश्नांकडे बहुतेकांनी पाठ फिरविली आहे. कलेचा इतिहास लिहिताना थैलीचा उल्लेख करणे काहीसे असभ्य वाटत असावे. वास्तविक घर बांधणे किंवा जुने घर नव्याने उभारणे हा सामान्य संसारी माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार. लग्नकार्याखेरीज त्याच्या तोडीचा दुसरा नाही, आणि म्हणूनच आपल्याकडील प्रसिद्ध म्हणीने या दोहोंना एकत्र बांधून टाकले आहे. मनातले घर आणि पदरातला पैसा यांची गाठ पूर्वीचे लोक केव्हा व कशी घालीत असत, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रारंभ राजदरबारापासून करणे सोयीचे आहे, कारण कागद तेथेच टिकले. इ. स. १६७१-७२ च्या सुमारास, म्हणजे राज्याभिषेकाच्या दोन-तीन वर्षे आधी, शिवाजी महाराजांनी गडकोटांच्या बांधकामासाठी जी रक्कम नेमून दिली, तिची यादी इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. एकंदर १,७५,००० होन. त्यांपैकी ५०,००० एकट्या रायगडासाठी. सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर आणि राजगड यांना प्रत्येकी १०,०००. विशाळगड, सुधागड, लोहगड अशा गडांना पाच-पाच हजार. आणि त्याखाली दोन-तीन हजारांच्या लहान लहान रकमा. या यादीत वरवर पाहता रूक्ष आकड्यांपलीकडे काही नाही. परंतु ती ज्या क्रमाने सिद्ध झाली असली पाहिजे, तो क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रत्येक गडाच्या हवालदाराला ‘तुला काय काय हवे’ असे विचारून आलेल्या मागण्यांची बेरीज केली असती, तर ती अशी गोल आली नसती. येथे आधी दौलतीला काय झेपेल ते ठरले, मग राजधानीचा वाटा बाजूला निघाला, आणि उरलेल्या पैशांत बाकीच्या गडांनी आपापली तटबंदी, टाकी आणि कोठ्या बसवून घ्याव्यात असे ठरले, असेच त्या आकड्यांच्या ठेवणीवरून दिसते. शिवकालीन बारा महालांत ‘इमारत’ हा एक स्वतंत्र महाल होता, ही गोष्टही या संदर्भात नोंदविली पाहिजे. पुढे १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या लाकडाविषयी लिहिताना आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, अगदीच जीर्ण झालेले एखादे झाड घेणे प्राप्त झाले तर धन्यास समजावून, द्रव्य देऊन घ्यावे, असे बजावले आहे. दरबाराची इच्छा आणि तिची किंमत या दोन गोष्टी एकाच वाक्यात मांडणारा हा कारभारी पुरुष होता.

दरबाराची गोष्ट झाली. सामान्य गृहस्थाचे काय? त्याच्यापाशी दफ्तर नव्हते, फडणीस नव्हता, नकाशा काढणारा तर नव्हताच. तरीही त्याच्या घराला एक माप होते आणि ते म्हणजे खण. दोन लाकडी खांबांमधील अंतर, साधारणपणे पाच-साडेपाच फुटांचे, याला खण म्हणत. आणि घर किती मोठे हे सांगावयाचे झाल्यास ते किती खणांचे आहे एवढेच सांगितले जाई. खरेदीखतांत, वाटणीपत्रांत आणि गहाणखतांत घराची नोंद खणांनी होत असे. या मापाच्या मुळाशी कोणतेही शास्त्रीय गूढ नाही. माजघराच्या वर जो कडीपाट घालावयाचा, त्याच्या कडीला वाकल्याशिवाय जेवढा भार पेलेल आणि जवळच्या रानात जेवढ्या लांबीचे सरळ सागवान परवडणाऱ्या किमतीत मिळेल, तेवढाच खण. म्हणजे लाकडाची ताकद, रानाची जात आणि गिऱ्हाइकाची ऐपत या तिन्हींची तडजोड होऊन हे माप ठरलेले होते, आणि ते एकदा ठरल्यावर गावातील कोणत्याही जाणत्या सुताराला एका खणास किती खांब, किती तुळया, किती कड्या, किती तक्तपोशी लागेल हे तोंडपाठ असे. घरधनी त्याच्याकडे जाई तो ‘मला असे असे सुंदर घर हवे’ असे सांगत नसे. ‘सहा खण होतील का’ असे विचारी. या प्रश्नात स्वप्नही आले आणि हिशेबही आला. सुताराने मान हलविली की पाच खणांवर यावे, आणि पाचही जड वाटले तर चारांवर थांबून पुढची ओसरी पडवीसारखी उतरती काढावी, असा निर्णय भूमिपूजनापूर्वीच, कधी देवळाच्या पारावर बसल्या बसल्या, होऊन जात असे. आजच्या काळी वास्तुविशारदाच्या कचेरीत तीन-चार बैठका होऊन आणि नकाशा दोनदा फाडून जे साधते, ते त्या एका मापाने साधत असे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

खणांची आणखी एक खुबी होती. घर एका दमात पुरे करण्याची सक्ती तिने उरूच दिली नाही. जोते मात्र ऐपतीपेक्षा थोडे ऐसपैस बांधावे, त्यावर आज चार खण उभारावेत, उरलेल्या जोत्यावर उन्हाळ्यात वाळवणे घालावीत आणि मुलगा कर्ता झाल्यावर त्याने पुढचे खण उठवावेत, अशी चाल होती. दगडी भिंतीच्या टोकाला एकाआड एक दगड बाहेर ठेवून देत, म्हणजे पुढील भिंत त्यात गुंतविता येई. तुळईचे टोकही शेवटच्या खांबाच्या किंचित पुढे ठेवलेले असे. एखाद्या जुन्या वाड्याचा आराखडा आज मांडून पाहिला तर त्याच्या चौकाच्या चार बाजूंचे खांब चार वेगवेगळ्या घडणीचे दिसतात. एका बाजूला सुरूदार खांब आणि केळफुलांचे हस्त, तर दुसऱ्या बाजूला नुसते तासलेले चौकोनी लाकूड. अभ्यासक यातून शैलींचा कालक्रम लावतात आणि ते योग्यच आहे. पण त्याच खांबांवरून त्या घराण्याच्या भरभराटीचा आणि ओढगस्तीचा आलेखही तितक्याच विश्वासाने काढता येईल.

साहित्याची जुळवाजुळव हीदेखील अंदाज बांधण्याची एक रीतच होती. सागवान आधी तोडून, सावलीत रचून वाळू द्यावे लागे. ओल्या लाकडाची चौकट पहिल्याच उन्हाळ्यात पीळ घेई. लोणाऱ्याकडून आणलेली चुनकळी भिजत घालून, बैलांच्या घाणीत रेतीबरोबर मळून, मुरवावी लागे. जेथे गिलावा गुळगुळीत व टणक हवा तेथे त्यात गूळ, हिरडा, बेलफळ अशा वस्तू पडत. विटांची भट्टी किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे पावसाळा संपल्यावरच घालता येत. या सर्वांत एक-दोन वर्षे सहज निघून जात, आणि त्या अवधीत परसात रचलेल्या लाकडांच्या ढिगाकडे पाहून घरधन्याला आपली ऐपत रोज डोळ्यांनी दिसे. कर्जाने घर बांधणारे तेव्हाही होते, पाटल्या आणि गोठ सावकाराकडे गेल्याची उदाहरणेही घरोघर होती. परंतु वस्तू आधी आणि काम मागाहून, हा क्रम असल्यामुळे अर्ध्यावर पैसा संपून भिंती उघड्या पडण्याचा प्रसंग त्या मानाने विरळा येई. पैसा संपलाच तर लाकूड वाळत पडे. त्यात त्याचे नुकसान नव्हते.

कारागिरांच्या देण्याघेण्याची घडीही बसलेली होती. गावचा सुतार हा बलुतेदार खरा, पण बलुते हे नांगर, कुळव, पाभर यांच्या डागडुजीपुरते. नव्या घराचे काम त्यात येत नसे, त्याची मजुरी वेगळी ठरवावी लागे. ती एकतर रोजावर असे, नाहीतर काम उक्ते खंडून दिले जाई. पायाभरणी, चौकट बसविणे, आढे चढविणे आणि वास्तुशांत हे जे विधी आपण आज केवळ धार्मिक समजतो, ते त्या काळी कामाचे आणि पैशाचेही टप्पे होते. चौकट उभी राहिली की सुताराला नारळ, पागोटे आणि ठरलेल्या रकमेचा हिस्सा मिळावयाचा, आणि तोपर्यंत कोणत्याही बाजूने रुसवाफुगवा करावयाचा नाही, असा अलिखित करार होता. मिळालेल्या तसलमातीचा, म्हणजे आगाऊ उचललेल्या पैशांचा, हिशेब चौकटीच्या दिवशी होई. आजच्या मक्त्याच्या कागदातील हप्त्यांची कलमे याहून फार निराळी नाहीत.

येथे जुन्या काळाचे गुणगान थांबविले पाहिजे, कारण या व्यवस्थेचा सगळाच खर्च हिशेबात धरला जात नव्हता. सरकारी आणि सरदारांच्या इमारतींवर वेठीने धरून आणलेली माणसे राबत, त्यांची मजुरी कोणत्याही रोजकीर्दीत पडत नसे. साध्या घरातही जमिनीची चोपणी, भिंतींचे लिंपण, दर आठवड्याचे सारवण आणि पावसाळ्यापूर्वीच्या शाकारणीतली अर्धी धावपळ घरच्या बायका करीत. घर उभे राहण्यासाठी आणि उभे टिकण्यासाठी हे श्रम सागवानाइतकेच आवश्यक होते, पण त्यांची किंमत शून्य धरलेली होती. जुनी घरे स्वस्तात झाली असे म्हणणाऱ्यांनी ही शून्ये आधी भरून काढावीत.

पुण्यातील पेशवेकालीन वाड्यांकडे वळल्यावर हाच विषय मोठ्या पडद्यावर दिसू लागतो. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली; जुन्नरच्या रानातले सागवान, चिंचवडच्या खाणींतला दगड, जेजुरीकडचा चुना, आणि एकंदर खर्च रु. १६,११०, असे सांगितले जाते. हा आकडा पाहून आजचा वाचक चकित होतो आणि एवढ्या पैशांत शनिवारवाडा झाला असे समजून चालतो, पण ती समजूत बरोबर नाही. त्या रकमेत झाले ते एका कर्त्या सेनानीचे राहते घर. आज आपण ज्याची तटबंदी पाहतो तो शनिवारवाडा पुढील पिढ्यांनी जोडीत नेलेला आहे. नानासाहेबांनी तट-बुरूज पुरे केले, १७५५ मध्ये गणेश रंगमहाल उभारला. सवाई माधवरावांसाठी हजारी कारंजे झाले. मजल्यावर मजले चढत जाऊन वाडा सातमजली झाला. शाहू छत्रपतींनी दगडी तटाला हरकत घेतल्यावर वरचे काम विटांनी झाले, ही परंपरेने सांगितली जाणारी हकीकत खरी मानली, तर अंदाजपत्रकाबाहेरच्या कारणानेही योजना बदलाव्या लागतात याचे ते एक जुने उदाहरण ठरेल. घर वाढत गेले ते गरजेने की दिमाखाने, हे प्रत्येक दालनापुरते निराळे सांगावे लागेल. परंतु मूळ आराखडा बेताचा होता आणि म्हणूनच त्याला वाढ सोसली, एवढे निश्चित.

थोरल्या बाजीरावांना कर्जाने किती ग्रासले होते हे त्यांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांवरून सर्वश्रुत आहे. सावकारांच्या पाया पडून कपाळ झिजल्याची त्यांची तक्रार पत्रात आहे. तथापि ते कर्ज मोहिमांचे होते, महालांचे नव्हते. त्यांचे नातू थोरले माधवराव १७७२ मध्ये मृत्युशय्येवर असताना त्यांनी जी कलमे लिहून ठेविली, त्यांत दौलतीचे कर्ज फेडण्याचे कलम होते. ही परंपरा कोठे तुटली ते पाहावयाचे असल्यास दुसऱ्या बाजीरावांच्या वाड्यांची यादी करावी. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह होऊन राज्याची सूत्रे इंग्रजांच्या हाती गेली, आणि त्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत शुक्रवारवाडा, विश्रामबागवाडा, बुधवारवाडा हे एकामागून एक उठले. एकट्या विश्रामबागेला सुमारे सहा वर्षे आणि दोन लाख रुपये लागले. त्याच्या दर्शनी सज्जाचे सुरूदार खांब आणि कोरलेल्या महिरपी पाहताना मन प्रसन्न होते यात शंका नाही. पण राज्य आक्रसत असताना वाडे फुगत होते ही गोष्ट त्या नक्षीमुळे लपत नाही. वास्तविक पेशव्यांच्या दफ्तरात प्रांताच्या जमाखर्चाचा आगाऊ अंदाज, म्हणजे बेहडा, करण्याची उत्तम पद्धत होती. कमाविसदाराने वर्षाच्या आरंभी ठरवून दिलेल्या नेमणुकीबाहेर खर्च केला तर त्याला जाब द्यावा लागे. जी शिस्त कमाविसदाराला होती ती खुद्द श्रीमंतांना नव्हती, हा त्या पद्धतीतला दोष. शनिवारवाडा १८२८ सालच्या आगीत गेला, बुधवारवाडा १८७९ च्या आगीत. विश्रामबागेचाही त्याच वेळी बराच भाग जळाला आणि तो नगरपालिकेच्या व नागरिकांच्या वर्गणीच्या पैशांतून पुन्हा उभा करण्यात आला. वर्गणीतून झालेली ही दुरुस्ती, मूळ बांधकामापेक्षा अधिक हिशेबी असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

इंग्रजी अमलात अंदाजाला कायद्याचे स्वरूप आले. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत १८५४ च्या सुमारास सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते निघाले, आणि त्याच वर्षी त्या खात्याला दुय्यम कामगार पुरविण्यासाठी पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, ज्याचे पुढे प्रसिद्ध कॉलेज झाले. नकाशा, एस्टिमेट, मंजुरी, टेंडर आणि मोजमापाची वही, अशी साखळी तयार झाली. खणाच्या जागी घनफूट आले. वाळू, खडी आणि दगड शंभर घनफुटांच्या ब्रासने मोजू लागले, आणि ते माप आपल्या गवंड्यांनी व ट्रकवाल्यांनी इतके आपलेसे केले आहे की मेट्रिक पद्धत येऊन इतकी दशके लोटली तरी ते हटलेले नाही. एस्टिमेटाच्या तळाशी अनपेक्षित खर्चासाठी शेकडा पाचच्या आसपास रक्कम धरण्याची रीतही याच खात्याने रूढ केली. खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर मग पेठांतून मध्यमवर्गीयांची घरे बांधून देऊ लागले आणि सरकारी एस्टिमेटाचा तर्जुमा घरगुती वहीत झाला.

कागद पक्का झाल्याने माणूस पक्का झाला, असे मात्र नाही. महात्मा जोतीराव फुले हे स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. दगड, चुना, मजुरी यांचे भाव त्यांना प्रत्यक्ष व्यवहारातून ठाऊक होते. इंजिनिअर खात्यातील लबाड्यांवर त्यांनी पोवाडा रचला तो या जाणकारीतून. मोजमापाच्या वहीत काय लिहिले जाते आणि जागेवर काय उभे राहते यांतील अंतर, हा ज्यांच्या पोटापाण्याचा विषय झाला होता, त्यांच्यावर त्यांनी नेमके बोट ठेविले.

आणि एस्टिमेटाची सर्वांत मोठी फजिती पुण्याच्या वेशीवर, खुद्द गव्हर्नरसाहेबांच्या घराच्या बाबतीत झाली. सर बार्टल फ्रिअर यांनी १८६४ मध्ये गणेशखिंडीत पावसाळी निवासस्थान बांधण्यास घेतले. तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा. कापसाच्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आलेला, कंपन्यांवर कंपन्या निघत होत्या, आणि त्याच पुराने मजुरी व सामानाचे भाव गगनाला भिडविले होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, बँका बुडाल्या. इमारत मात्र पायावर उभी राहून वर वर जात होती आणि तिला आता मधेच सोडता येत नव्हते. ती १८७१ मध्ये पुरी झाली तेव्हा खर्च १,७५,००० पौंडांवर गेला असे सांगतात, आणि विलायतेच्या पार्लमेंटात मुंबईच्या गव्हर्नरांच्या उधळेपणाचे व अवज्ञेचे उदाहरण म्हणून या इमारतीचा निर्देश झाला. शिवाजी महाराजांनी साऱ्या राज्याच्या गडांसाठी नेमलेल्या होनांचा आकडा आणि एका गव्हर्नराच्या बंगल्यासाठी लागलेल्या पौंडांचा आकडा एकच असावा हा निव्वळ योगायोग आहे. दोन शतकांचे अंतर आणि नाण्यांतील फरक ध्यानात घेता त्यातून तुलना करणे अशास्त्रीय होईल. तरीही तो योगायोग नजरेआड करावासा वाटत नाही. या दोन कागदांत खरा भेद गणिताचा नसून मालकीचा आहे. गणेशखिंडीच्या अभियंत्यांना बेरीज येत नव्हती असे नव्हे. पण घराचे स्वप्न एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि जाब विचारणारा सात समुद्रांपलीकडे, अशी स्थिती असली म्हणजे कोणतेही एस्टिमेट टिकत नाही. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती वास्तू विद्यापीठाकडे आली, आणि तिचे सुदैव असे की आज तिच्या खर्चाची आठवण कोणी काढीत नाही.

याच काळात, या सगळ्या एस्टिमेटांपासून दूर, कोकणात एक निराळीच पद्धत आकाराला येत होती. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत कामाला गेलेला चाकरमानी मनीऑर्डरने जे पाठवी, त्यातून आधी पोटाची आणि मग सावकाराची सोय होई, आणि त्यातूनही काही उरले तर ते घरावर पडे. एका शिमग्याला येऊन त्याने चिऱ्याचे जोते बांधावे, पुढच्या मे महिन्यात मातीच्या भिंती गुडघ्यापासून छातीपर्यंत न्याव्यात, आणखी दोन वर्षांनी गवताऐवजी नळ्याची कौले चढवावीत, अशी ही मंदगती. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर ती लाल कौले किनाऱ्याकिनाऱ्याने वर येऊ लागली, आणि ‘मंगलोरी’ घालणे हे कोकणातील घराचे मोठे स्वप्न होऊन बसले. ही कौले नगावर मिळत, त्यामुळे त्यांचा हिशेब खणांइतकाच सोपा होता: एका पाख्याला इतकी, दोन पाख्यांना तितकी; यंदा पुढचा पाखा, पुढच्या वर्षी मागचा. कित्येक घरांवर पुढे मंगलोरी आणि मागे नळ्याची अशी दुरंगी छपरे वर्षानुवर्षे राहत. त्यांना हसणाऱ्यांनी असे पाहावे की त्या घरांवर गहाणाचा बोजा बहुधा नसे.

मुंबईत हा प्रश्न दुसऱ्याच टोकाला गेला. १९२० मध्ये सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने स्थापिलेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपासच झाल्या, आणि सिमेंट-काँक्रीटच्या त्या खोल्यांचे भाडे कामगारांना न परवडल्याने प्रारंभी कित्येक रिकाम्या पडून होत्या. येथे बांधणारा एक, राहणारा दुसरा, आणि राहणाऱ्याची ऐपत कोणी आधी विचारलेली नव्हती. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर न येऊ देण्यासाठी तो कायदा आवश्यक होता, याविषयी दुमत नसावे. पण भाडे गोठले तरी सागवानाचे, चुन्याचे आणि मजुरीचे भाव गोठले नाहीत. दुरुस्ती हवी ती भाडेकरूला, ती करण्याचा भार मालकावर, आणि मालकाच्या हाती येणाऱ्या भाड्यातून शाकारणीही निघेना, अशा त्रांगड्यात चाळी आणि वाडे वीस वर्षे तसेच झिजत राहिले. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा होऊन उपकर बसला तेव्हा मुंबई बेटावर अशा इमारतींची संख्या १९,६४२ भरली. मंडळाने दर चौरस मीटरला दुरुस्तीखर्चाची मर्यादा घातली. ती वेळोवेळी वाढविण्यात आली, परंतु टेकू लावलेल्या इमारती त्या मर्यादेपेक्षा नेहमीच लवकर खचत आल्या आहेत. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचा निकाल एका दिवसात लावला, आणि वाड्यांच्या जागी इमारती उठण्याचा जो क्रम सुरू झाला तो अद्याप संपलेला नाही.

सिमेंटविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. १९१४ मध्ये पोरबंदरला त्याचे उत्पादन सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर ते नियंत्रणाखाली आले, आणि पैसा हाताशी असूनही परवान्यावाचून पोती मिळेनात, म्हणून घराच्या अंदाजपत्रकात रुपयांबरोबर परवान्यांचाही रकाना आला. त्याच परवान्यांच्या प्रकरणातून १९८२ च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्याआधी १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी घरासाठी कर्ज देणारी संस्था स्थापन केली, आणि साठविलेल्या लाकडाच्या ढिगाची जागा पगाराच्या दाखल्याने घेतली. कर्जाचा हा मार्ग सामान्य नोकरदाराला भाड्याच्या खोलीतून बाहेर काढणारा ठरला, म्हणून त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र ऐपत किती हे पूर्वी घरधन्याला सुतार सांगे, ते आता बँक सांगू लागली. आणि बँकेची ‘ऐपत’ ही फेडण्याची असते, राहण्याची नव्हे. स्वयंपाकघरातला ओटा पाडून नवा करावा की छताची गळती आधी काढावी, हा निर्णय कर्जाच्या मंजुरीपत्रात लिहून येत नाही. तो पारावर बसून सहा खणांचे पाच करणाऱ्या गृहस्थाप्रमाणे ज्याचा त्याने, पहिली वीट निघण्यापूर्वी, करावयाचा असतो.

या इतिहासाची साधने सरकारी दफ्तरांत फार थोडी आहेत. ती आहेत घरोघरच्या माळ्यांवर, लाल कापडात बांधलेल्या वह्यांत. सुताराला दिलेली तसलमात, लोणाऱ्याचे देणे, चौकटीच्या दिवशीचा नारळ-पागोट्याचा खर्च, कौलांची संख्या आणि त्यांचे भाडे, अशा नोंदी ज्यांत आहेत त्या वह्या घर पाडताना रद्दीबरोबर सर्रास जातात, आणि मोडी वाचता येत नाही म्हणून त्यांची दखलही कोणी घेत नाही. ज्या वाचकांच्या घरी बांधकामाच्या जमाखर्चाची अशी एखादी वही असेल, त्यांनी ती भारत इतिहास संशोधक मंडळाकडे अथवा आपल्या जिल्ह्यातील एखाद्या इतिहास-संग्रहाकडे द्यावी, निदान तिची छायाचित्रे तरी काढून द्यावीत, एवढी विनंती आहे.